रुमाल

दहाला सहा मिनिटं कमी.
कँटीनच्या टीव्हीत मुंबई,
आणि मुंबईत आमचे मालक विरभद्र हुडगे,
नव्या कोटात, घंटेसमोर.
हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.
इथं असते तर पान्हा असता हातात.

आम्ही एकोणसाठ जण लातूरच्या एमआयडीसीत
मशीनं थांबवून, टाचा उचलून बघत होतो.
डाळीतला डागी दाणा हेरून उडवणारं यंत्र आम्ही बनवतो.
आज आम्हीच पट्ट्यावर.

मी हिशेबाची बाई.
त्या चारशे पानी पुस्तकात माझं नाव नाही,
पण जवळजवळ प्रत्येक आकड्यापाशी
माझी एखादी रात्र मोडलेली आहे.
पोरगी दाखवायची तर
शेजारणीचा हार मागून घालतात गळ्यात.
इथं उलटं. आधी व्यंगं सांगा, ठळक अक्षरात,
मग भाव मागा.
म्हणून लिहिलं : सत्तर टक्के माल तीनच गिऱ्हाइकं नेतात.
लिहिलं : कारखाना अशा गावात,
जिथं पिण्याचं पाणी एकदा रेल्वेनं आलं होतं.
लिहिलं : सगळा डोलारा एका माणसावर उभा आहे.
त्या माणसाला झोप लागत नाही,
हे कुठल्या रकान्यात बसलं नाही.

पहिल्या खुर्चीवर गुरपादप्पा, मालकांचे वडील.
उभा जन्म गुरांच्या बाजारात दलाली केली.
देवणीच्या जोडीचा भाव
रुमालाखाली बोटं धरून ठरवायचे.
दोघांनाच कळायचा; तिसऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसायचा.
त्यांनी विचारलं, "ह्येंचा रुमाल कुठाय?"
"रुमाल नाही आप्पा. सगळं उघड्यावर असतंय."
"मग माणसाची लाज कशी ऱ्हाती?"

घंटा वाजली असावी.
टीव्हीचा आवाज बंद होता.
चमचमणारे कागदाचे तुकडे मालकांच्या डोक्यावर पडले,
एक मिशीत अडकला.
खाली पट्टीत आमचं नाव आलं, इंग्रजीत, आखूड करून,
आपलंच पोर शाळेच्या हजेरीत दुसऱ्याच नावानं ऐकावं तसं.
ब्याण्णवला दिलेला शेअर
अठ्ठ्याहत्तर पन्नासला उघडला.

कुणी बोललं नाही.
फ्रीज तेवढा घरघरला.

वेल्डर खाजाभाईनं एक लॉट घेतला होता, बाराशे शेअर.
सोडतीत नाव लागलं त्या दिवशी पेढे वाटले होते त्यानं.
माझ्या डोक्यानं, मी न सांगता, गुणाकार केला :
सोळा हजार दोनशे.
तो माझ्याकडं बघालाला होता.
मी चहाच्या कपाकडं.

मालक तिकडं टाळ्या वाजवत होते.
थांबायचं कधी, हे बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं.

"गिऱ्हाईक कोण हाय?" आप्पा.
"दिसत नसतंय आप्पा."
"दात कुणी बघितले? खूर? चालवून बघितलं का?"
"पुस्तक वाचलं असंल."
आप्पा हसले. मग खोकले. मग म्हणाले,
"पहिल्या बाजाराला जनावर बुजतंयच.
गर्दी बघून शेण टाकतंय, दावं तोडतंय.
त्या दिवशी त्येला इकायचं नसतंय, बाई.
नुसतं हिंडवून आणायचं."
खाजाभाईनं हे ऐकलं की नाही, माहीत नाही.
तो चष्मा लावून केव्हाच वेल्डिंगला गेला होता.

अकराला पट्टा सुरू झाला.
उदगीरच्या गिरणीचं मशीन संध्याकाळी निघायचं होतं.
चाचणीची तूर सोडली. काळा दाणा आला की हवेचा फुस्स फटका,
दाणा बाजूला.
मधूनच एखादा चांगलाही उडतो.
शंभरात दोन. तेही आम्ही लिहिलेलं आहे.

निघताना आप्पांनी मला हाक मारली,
खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं
आणि खालून बोटं धरली.
घट्ट. मग एक सैल.
मला ती भाषा येत नाही, हे त्यांना माहीत होतं.
"कळलं?" म्हणाले.
मी मान हलवली.

चार बोटं होती.
शेवटचं अर्धं दुमडलेलं.