पाटीवरची मोकळी जागा

धंतोलीत, पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावर
अकरा वर्षं मी वाट्या मोजल्या.
पोळ्या दोन, भात अर्धी वाटी,
सावजी बंद, तर्री बंद,
संत्रं एक, रस नको.
टेबलावर प्लास्टिकची फळं. त्यांच्यावरची धूळ
दर शनिवारी मीच पुसायचे.

आणि दुपारी तीनला, बेसिनपाशी उभी राहून
डब्यातली गार भाजी गिळायचे,
वरून ॲसिडिटीची गोळी.
हे कुठल्या चार्टात नव्हतं.

मग एका मे महिन्यात पार्बताबाई धकाते आल्या,
गोळीबार चौकातून, डोक्याला ओला दुपट्टा,
पिशवीत रिपोर्ट, लुगड्यासारखे घडी घालून.
साखर तीनशे बारा.
मी रागावले. तुम्ही चार्ट पाळत नाही.
"पाळतो ना बाई. कागदावर हाय तेवढंच घेतो."
मग?
कूलरच्या खसातून पाणी टपकत होतं.
पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सैपाक दोघायचा होते.
हात आइकत नाही.
हे जाऊन दीड वरीस झालं, पन कनीक तेवढीच मळल्या जाते.
त्यायचं ताट वाढतो. मंग
टाकून कसं देऊ?
माह्यं खातो. मंग त्यायचं खातो."

माझ्याकडे दोन पोळ्यांचं उत्तर होतं.
दोन ताटांचं नव्हतं.

लोक विचारतात, मॅडम, तुम्ही या लाइनीत कशा?
जशी काही मी बर्डीवरून बस पकडली.
सेमिनरी हिल्सच्या उतारावर एक निवृत्त नर्स राहायच्या,
सिस्टर फिलोमिना. चटईवर बसवायच्या, बस्स.
सहा आठवडे काहीच झालं नाही.
"तू श्वाससुद्धा मोजून घेतेस," त्या म्हणाल्या,
आणि आत चहा ठेवायला गेल्या.

चहा उकळेपर्यंत
मला आई आठवली.
शेवटचा महिना. किडन्या. माझ्याच अक्षरातला तक्ता फ्रिजवर.
चिमूटभर दे गं, म्हणाली होती,
जिभेवर नुसतं.
मी दिलं नव्हतं.
मी बरोबर होते. आजही कोणी विचारलं तर
पुस्तक उघडून दाखवीन, मी बरोबर होते.

सिस्टरनी चहा पुढे ठेवला. काही विचारलं नाही.

त्यानंतर फॉर्ममध्ये वजनाच्या आधी एक ओळ घातली:
जेवताना समोर कोण असतं?
काही जण लिहितात, टीव्ही.
एका इंजिनिअरने लिहिलं, बॉस, फोनवर.
एका मुलीने ती ओळ खोडून टाकली, इतकी
की कागद फाटला.
इन्सुलिन मी कुणाचं थांबवलेलं नाही. गोळ्या गोळ्यांच्या जागी.
फक्त खुर्ची टेबलाच्या पलीकडून अलीकडे आणली,
आणि प्लास्टिकची फळं मोलकरणीच्या नातवाला दिली.

पाटी बदलायची म्हणून इतवारीतून पेंटर बोलावला.
आहार, मी सांगितलं, आणि खाली, होलिस्टिक.
"म्हंजे काय, मॅडम?"
शरीर, मन, आणि... म्हणजे आत्मा वगैरे...
तो ब्रश निथळत उभा.
"सगळंच का?"
हो.
"मंग त्याले नाव कायले पायजे?"
वर आहार लिहून झालं होतं. खालची पट्टी
मी तशीच राहू दिली.
पैसे त्याने पूर्ण पाटीचे घेतले.

पार्बताबाईंची साखर आता एकशे ऐंशीच्या आसपास घुटमळते.
दुसरं ताट अजून वाढलं जातं.
त्यावर शेजारचा रात्रपाळीचा पोरगा बसतो,
कधी त्याचा मित्र, एकदा
रिपोर्ट बघायच्या निमित्ताने मी.
पाटोडीचा रस्सा. ठसका लागला.
त्यांनी वाटी पुढे सरकवली, विचारलं,
"मीठ बराबर हाय का?"

मला लगेच सांगता आलं नाही.