मोजायची भाषा

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवरच्या माडीत
पहिल्या रात्री मी नुसता शिंकत होतो.
इस्माईल मुजावर म्हणाले, "शिंक की.
शिंकताना माणूस खरा असतोय.
तुझी पानं वाईट हाईत."
होती.

एकतीस वर्षं चिकोडी गाडीवर कंडक्टर.
बिनतिकिटाचा माणूस त्यांना पाठीवरून कळे.
"त्यो खिडकीभाईर लईच बघतोय.
भाईर काय असतंय? ऊस.
ऊस कोण एवढा बघतंय काय?"

सहा महिने पैसे नाहीत, चिंचोके.
त्यातलेही चार मी मांडीखाली सारले
तर आठ दिवस मला पान वाटलं नाही.
बसून बघ, म्हणाले.

बसून बघितलं.
भरमगोंडा चौगुले चांगलं पान आलं की विडी विझवतात,
अर्धी असली तरी.
दत्तू सुतार हातात काही नसलं की जोरात चाल टाकतो
आणि मग गुडघा खाजवतो.
संकेश्वरचा शिवपुत्र मराठीत हसतो, मराठीत शिव्या घालतो,
पण डाव मोठा झाला की त्याचे ओठ हलतात:
ओंदु, एरडु, मूरु.

"बघितलंस?" मुजावर माझ्या कानाशी.
"बोलायची भाषा शर्टासारखी, घालावी, काढावी.
मोजायची भाषा आईची.
त्यो मोजाय लागला म्हंजे हातात खरंच काय तरी हाय."

तुम्ही कुठल्या भाषेत मोजता?
ते पत्ते पिसत राहिले.

मग खऱ्या नोटा. पगारातले बाराशे बाजूला काढलेले,
गेले तर गेले म्हणून.
रात्रीच्या रात्री मी पान बघून ठेवून देत होतो,
दहातली आठ.
पत्ते खेळणं म्हणजे बहुतेक वेळ न खेळणं,
हे घरी कुणाला पटलं नसतं.

आणि मग गुलाम, राणी, राजा. तिन्ही बदाम.
समोर दत्तू. चाल जोरात. गुडघा खाजवतोय.
मी गेलो शेवटपर्यंत.
शो.
तीन चौक्या.
गुडघ्याला डास चावला होता म्हणे.

जिना उतरून मुजावर माझ्यामागून आले.
चहाची गाडी बंद, स्टँडवर एक कुत्रं.
"उद्या हीच पानं आली, समोर ह्योच दत्तू, तर खेळशील?"
खेळेन.
"मग तोंड कशाला पाडलंस?
आलं ते पत्त्यांचं. खेळलास ते तुझं.
दोन हिशेब एका वहीत लिहू नको.
आन् आज परत वर जाऊ नको."

मी गेलो वर.
घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं होतं,
एवढंच सांगतो.

त्यानंतर दोन वर्षं मी माडी चढलो नाही.
चढलो तेव्हा शिंक आली नाही,
आणि दत्तूनं डिवचलं, घड्याळ किती वाजलं रे,
तर मी पानाकडं बघून म्हणालो, तुझी चाल.

परवा हुक्केरीला गेलो, लेकीकडे असतात ते.
एका डोळ्याला हिरवी पट्टी, मोतीबिंदू काढलेला.
नात डब्यात चिंचोके घेऊन आली.
पिसताना हात कापतात, वाटताना नाही.

माझ्याकडे एक्क्याची जोडी.
त्यांनी पानं उघड्या डोळ्यापाशी नेली, लांब धरली, परत जवळ,
आणि ओठ हलले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
ऐकलं मी. कुठल्या भाषेत
ते तुम्हाला सांगणार नाही.

पॅक, म्हणालो.

"का रं? पान काय होतं?"
काहीच नव्हतं.
पट्टीबाहेरचा डोळा माझ्यावर होता.
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.
बाहेर काय असतं.
ऊस.