अकरावं प्रकरण

खलफसाहेब गुरुवारी येतात, असरची नमाज आटपून.
मुहर्रकच्या मासळीबाजारामागे आमचं टायपिंग सेंटर:
व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टच्या तक्रारी
आणि गेल्या हिवाळ्यापासून
एक कादंबरी.
पानाला पाचशे फिल्स.

अडतीस वर्षं पोलिसात. आता गुडघे गेलेत,
पण कादंबरीतला इन्स्पेक्टर दोन-दोन पायऱ्या चढतो,
त्याची बायको त्याच्यावर कधी रागावत नाही
आणि प्रकरण संपेस्तोवर चोर सापडतोच.
बांगड्या खजुराच्या डब्यात.
साखरेच्या गलबताला खोटा तळ.
मी टाइप करते. एकदा विचारलं, "सगळेच सापडले?"
ते चहा ढवळत राहिले.
साखर केव्हाच विरली होती.

अकरावं प्रकरण त्यांनी तीनदा पुढं ढकललं.
मग रबर लावलेली जुनी डायरी घेऊन आले.
सन एक्याण्णव, ऑगस्ट, ओहोटी.
मासे अडकवायला उथळ पाण्यात झावळ्यांचं कुंपण घालतात इथं,
त्यात पहाटे एक माणूस अडकलेला.
फाइलवर: अनोळखी, आशियाई, वय अंदाजे तीस.
डाव्या हातावर गोंदण. कॅमेऱ्यात रीळ नव्हतं,
म्हणून यांनी पेन्सिलीनं उतरवून घेतलं:
एक सरळ रेघ,
रेघेवर उभी चार वाकडी झुडपं,
खाली दोन आकडे, मुळांसारखे.
"किनारा असेल," म्हणाले, "त्याच्या गावचा."
कादंबरीत इन्स्पेक्टर तो किनारा ओळखतो
आणि आठव्या पानावर एक खानसामा कबुली देतो.

डायरी मी स्टँडला लावली, ती उलटी लागली.
सरळ करायला गेले आणि हात थांबला.
दाभोळला सातवीपर्यंत मराठी शाळा माझी.
रेघ वर गेली होती,
झुडपं तिला लोंबत होती.
आबोली.

"चित्र नाही हे. नाव आहे. बाईचं.
फूलही असतं, आमच्याकडे माळतात. वास नसतो त्याला."
"बायको?"
"बायको, लेक, आई. काय सांगू?"
त्यांचं बोट अक्षरांखालून उजवीकडून डावीकडे सरकलं.
मी म्हटलं, इकडून.
ते पुन्हा पहिल्यापासून निघाले.
मग बराच वेळ हवेत काहीतरी मांडत बसले:
इथं कुंपण, इथं डोकं, हात असा वर गेलेला.
"म्हणजे मी डोक्याकडं उभा होतो," म्हणाले.
"हवालदार पायाकडं होता. त्याला कोण विचारतंय?"

बाहेर कुणीतरी बर्फाची लादी फोडत होतं.

"खानसाम्याला काढ."
मी आठ पानं निवडली, बटण दाबलं.
अकरावं प्रकरण कोरं झालं.
"आता ते नाव टाक."
माझ्या कीबोर्डवर अरबी आहे, इंग्रजी आहे.
कोरं पान छापून घेतलं आणि पेन उचललं.
किती वर्षांनी. 'ब'चं पोट जरा मोठं झालं,
वेलांटी थरथरली.

कोऱ्या पानाचे पैसे मी घेत नाही.
ते म्हणाले, कोरं कुठाय?
आणि शंभर-शंभरची पाच नाणी
एकेक करून काचेवर ठेवली.