पासंग

गिरेसुनच्या वरच्या उतारांवर
मी हेझलनटची पोती मोजतो. सोळा हंगाम झाले.
माझ्या काट्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही.
पाय ठेवला, तो यंदा.

पण आधी तोंड आलं होतं.
आई म्हणाली, ओले हेझलनट खाल्लेस, भोग.
मग गुडघे धरले. मग नडगीवर लाल गाठी,
आणि मार्चमधल्या एका पहाटे उजवा डोळा असा
की चहावाला दुर्सुन विचारतो, कुणाशी भांडलास?
पंधरा दिवसांनी डावाही.

ट्रॅब्झॉनच्या डॉक्टर नेव्हिन यांनी
तोंड, गुडघे, गाठी, डोळे
तसबीह ओवावी तसं एका दोऱ्यात ओवलं.
म्हणाल्या, ही चार दुखणी नाहीत, इल्यास.
एकच आहे. चार दारांनी आत येतं.
बेहचेत.
आमच्याच देशातल्या एका डॉक्टरचं नाव.
मला उगाच धीर आला, निदान परका तरी नाही.

स्टेरॉइडचे थेंब. दर दोन तासांनी, मग कमी करत.
तीन आठवड्यांनी दाखवायला या.
आठवड्यात डोळे असे निवळले
की खाली समुद्रावरच्या होड्या मोजता येत होत्या.
बरं वाटतंय म्हणून मी गेलो नाही,
आणि बरं वाटतंय म्हणूनच थेंबही सोडले नाहीत.
गावातला फार्मसीवाला ओळखीचा. बाटली संपली की नवी.

दुखलं काहीच नाही.
हे मी सगळ्यांना सांगतो: दुखलं काहीच नाही.
फक्त दुर्सुनचा चहाचा ग्लास
हल्ली माझ्या कोपराला शोधत यायचा.

ऑगस्टमध्ये गोदामात पोती पुन्हा चढवली
तर अकरा किलो कमी भरली.
शेराफेत्तिन बे काही बोलले नाहीत.
ते बोलले असते तर बरं झालं असतं.
रात्री भाचा म्हणाला, मामा,
तो माणूस तुझ्या उजव्या हाताशीच उभा होता,
बुटाचं टोक काट्याच्या फळीवर टेकवून.
मला वाटलं, तू बघतोयस.

अडतीस, म्हणाल्या डॉक्टर. एकवीसच्या वर जाऊ नये.
डोळ्यालाही दाब असतो, तो पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात,
हे मला, मोजून खाणाऱ्याला, माहीत नव्हतं.
डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं
ती जाळी सुजेनं तुंबते.
सूज उतरवणारं औषध
काहींच्या डोळ्यांत तीच जाळी तुंबवतं.
मग कुणी तुंबवली, मी विचारलं. रोगानं की औषधानं?
त्या म्हणाल्या, तुमच्या बाबतीत दोघांनी, आणि मार्चनंतर न येण्यानं.

मग एका पांढऱ्या कटोऱ्यात डोकं घालून बसवलं.
दिवा दिसला की बटण दाबा.
बराच वेळ काही दिसेना. शेजारून कागद सरकल्याचा आवाज.
मी अंदाजानं दाबत राहिलो.
सोळा हंगामांत मापात केलेलं हे पहिलं पाप,
आणि यंत्र तेही मोजतं,
नसलेल्या दिव्यांना दिलेले सगळे होकार
खाली एका ओळीत छापून येतात.

आता बेहचेतला गोळी, दाबाला थेंब,
स्टेरॉइड पासंगाएवढं, तेही त्यांच्या नजरेखाली.
एक पारडं उचललं की दुसऱ्याकडे बघायचं.
नाही जमलं तर डोळ्यात नळी बसवतील.
गेलं ते परत येणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा जरा हळू.

काटा मी सोडलेला नाही.
भाचा उजवीकडे उभा राहतो, बूट बघत.
तुम्ही माल घेऊन आलात
आणि त्या बाजूनं आलात, तर आधी खोका.
खोकायचं नसेल तर फळीपासून हातभर लांब राहा.
मला राग येत नाही.
मला फक्त आधी कळलेलं बरं.