सामान

सव्वीस मोसम मी नाटक कंपनीचं सामान सांभाळलं.
मंडईच्या रात्री, धान कापलेल्या बांधीत
चार बांबू आणि एका ताडपत्रीवर
राजवाडा उभा करायला मला पाऊण तास लागायचा.
म्हणून भाची म्हणाली, मामा, या दोन खोल्या तुम्हीच सजवा.
वाघ पाहायला येणारे लोक इथं उतरतील,
त्यांना गावाकडचं दिसलं पाहिजे
पण खुपलं नाही पाहिजे.

हातावर नऊ हजार ठेवले.
तेवढ्यात नवा पलंगही येत नाही.

शाळेमागे तीन बाक पावसात कुजत होते.
गुरुजींनी कागदावर लिहून दिलं, निर्लेखित.
लोखंड गंजलेलं, पण फळी सागाची,
आणि फळीवर खिळ्यानं कोरलेलं : बंडू अधिक,
पुढचं नाव कुणीतरी जीव तोडून खरवडलेलं.
रंधा मारू का, ऋषी सुतारानं विचारलं.
भाची म्हणाली, राहू द्या, लोक त्याचेच पैसे देतात.

बंद धानगिरणीचा पट्टा उभा चिरला,
त्याच्या नवारीनं खाट विणली.
अंग टाकलं की अजून कोंड्याचा वास येतो.

सायत्रा हिरापुरे बांबूच्या टोपल्या घेऊन आली.
मी त्या उलट्या टांगल्या, आत दिवे सोडले,
भिंतीभर तिच्या झिलप्यांची जाळी पडली.
ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली.
चाळीस वर्षं टोपल्या विणल्या,
त्यांची सावली कधी बघायला मिळाली नव्हती.
मग भिंतीवरच्या सुपाकडे बोट दाखवून म्हणाली,
"सूप भितीले कायले टांगलास भाऊ?
मंग पाखडाचा कायच्यात?"
मी हसलो. ती हसली नाही.
सुपाचे पैसे मात्र तिनं टोपल्यांपेक्षा वीस रुपये जास्त घेतले.

सिंहासन माझ्याकडेच होतं, कोठ्यात, तणसाखाली.
त्यावर एकच राजा शेकडो रात्री मेला,
आणि उठून चहा प्यायला.
सोनेरी कागद सोलला तेव्हा खाली निघाली
तहसील कचेरीतली साधी खुर्ची, मागे नंबरासह.
ती दाराशी ठेवली. बूट काढायला.

आणि राजवाड्याचा पडदा.
कंपनी मोडली तेव्हा माझ्या वाट्याला हाच आला होता,
राहिलेल्या चार महिन्यांच्या पगाराऐवजी.
खांब, झुंबर, मोर, मधोमध निळा दरवाजा
पितळी कड्यांचा. कड्या पण रंगाच्याच.
अर्धा उंदरांनी खाल्ला होता, उरलेला
बरोबर एका भिंतीला पुरला.

पहिले पाहुणे नाशिकचे. नवरा, बायको, चार वर्षांची पोरगी.
त्यांनी बंडूचा फोटो काढला,
सुपाचा काढला, माझाही काढला.
वाघ दिसला नाही, त्याचा राग चहावर निघाला.

संध्याकाळी लाइट गेली. कंदील द्यायला गेलो
तर पोरगी पडद्यापुढे उभी,
दोन्ही हातांनी निळा दरवाजा ढकलत.
सव्वीस मोसमांत कुणी तो ढकलला नव्हता.
राजा विंगेतून यायचा, राणीसुद्धा.

उघडत का नाही?
आतून कडी आहे, मी म्हणालो.
आत कोण आहे?

प्रॉम्प्टर असता तर त्याच्याकडे पाहिलं असतं.
कंदील खाली ठेवला, वात उगीचच कमी-जास्त केली,
म्हणालो, झोपलेत.
ती हळू बोलायला लागली.

ते गेल्यावर खोली झाडत होतो.
पडद्याच्या खालच्या काठाशी, बरोबर निळ्या दरवाजाखाली
अर्धं बिस्कीट सरकवलेलं,
जेवढं आत जाईल तेवढं आत.

भाची म्हणाली, मुंग्या लागतील, उचला.
बाकीची खोली मी झाडून घेतली.
पुढचं बुकिंग शुक्रवारी आहे.