आज मासा नको

रविवारी पहाटे साडेचारला जीपनी आली,
कपाळावर एक संत, एक कोंबडा, दोघेही चकचकीत.
जागा चौदांची, आम्ही सतरा.
रोदेल टायरच्या तीन ट्यूब घेऊन टपावर चढला,
म्हणाला, मी वरच बरा, वाऱ्याला तरी वास नसतो.

वास म्हणजे आमचा.
सहा दिवस टूना सोलायचा,
पांढरं मांस माणसांच्या डब्यात, काळं मांजरांच्या,
आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये
शेजारचा माणूस जरासा सरकून बसतो.
लिंबू चोळून झालं, कॉफीची पूड झाली, शिरका झाला.
बोटं आमची, वास कंपनीचा.

म्हणून डब्यांचा नियम एकच:
आज मासा नको.
मानांग फेलीनं केळीच्या पानात भात बांधला होता,
दोन कोंबड्या, लाल रंगवलेली खारी अंडी,
कच्चे आंबे आणि त्यांच्यासोबत कोळंबीचं आंबवण.
कोळंबी मासा आहे की नाही
यावर सुराला येईपर्यंत भांडण चाललं.
निकाल लागला नाही. बरणी मात्र
सुरालाच्या आधीच निम्मी झाली.

वाटेत अननसाचे मळे,
भांग पाडून ठेवल्यासारखे, डोंगराच्या पायापर्यंत.
रविवार असूनही ओळींत बायका होत्या, कोपरापर्यंत मोजे.
आम्ही हात हलवले. त्यांनीही.
त्यांच्या बोटांना कसला वास येत असेल?

फाटकावर कमरेला पितळी घुंगरांचा पट्टा बांधलेली
त्बोली म्हातारी बसली होती.
तिनं डोकी मोजली, पैसे मोजले, पुन्हा डोकी मोजली.
मग पायऱ्या. शेवाळलेल्या, न संपणाऱ्या.
मानांग फेली दर दहा पायऱ्यांवर गुडघ्याला शिव्या देई
आणि गुडघा निमूटपणे पुढची पायरी उतरे.

आधी आवाज आला, मग गारवा,
मग झाडं बाजूला झाली
आणि पाणी. उभंच्या उभं.

कुणी पोहायचे कपडे आणले नव्हते,
शर्टांसकट शिरलो.
रोदेलनं खडकावरून सूर मारला, पोटावर आपटला,
वर येऊन म्हणाला, मुद्दाम.
समुद्राकाठी जन्मलेली नेल्डा, पोहता न येणारी,
ट्यूबमध्ये बसून गोल फिरत राहिली
एखाद्या बिशपसारखी, सगळ्यांना आशीर्वाद देत.
मानांग फेलीनं नुसते पाय सोडले,
मग गुडघे,
मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून सगळी.

धारेच्या मागे एक कपार आहे.
तिथं मी आणि जेसिबेल पाठ टेकून उभ्या.
नऊ वर्षं तिची सुरी माझ्या सुरीशेजारी.
अकरा दिवसांपूर्वी माझा तैवानचा कागद आला होता
आणि अकरा दिवस मी तो
गादीखाली ठेवून त्याच्यावर झोपत होते.
तिथं सांगितलं. मोठ्यानं. नाव, तारीख, पगार,
अर्ज आपण दोघींनी भरला होता हेसुद्धा.
माझाच शब्द मला ऐकू आला नाही.

मग ती बोलली.
माझ्यापेक्षा बराच वेळ बोलली.
तिचे ओठ हलताना मी पाहत होते, डोळ्यांत पाणी जात होतं,
ओठ वाचायची आम्हाला सवयच नाही:
कारखान्यात तोंडावर मास्क, कानांत यंत्रं,
आम्ही बोलतो ते भुवयांनी.
शेवटी तिनं भुवया उचलल्या.
आमच्याकडे त्याचा अर्थ, हो.

कशाला हो, ते
अजून मला माहीत नाही.

दुपारी ड्रायव्हरच्या पुतण्यानं
पिशवीतून गुपचूप टूनाचा डबा काढला.
झाकणावर आमच्या पाळीचा शिक्का.
क्षणभर कुणीच बोललं नाही,
मग मानांग फेली म्हणाली, फोड आता,
बघू तरी चवीला कसे आहोत.

परतताना ट्यूब दोनच होत्या. माणसं सतरा, दोनदा मोजली.
अननसाच्या ओळी अंधारात गेल्या होत्या,
जेसिबेल माझ्या खांद्यावर, केस अजून ओले.
झोपली असं वाटलं, तेवढ्यात तिनं
माझा हात उचलून नाकाशी नेला,
हुंगला,
आणि माझ्याकडे बघून भुवया उचलल्या.

इंजिन घरघरत होतं.
मी काही विचारलं नाही.