हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की बँकेत जाऊन सांगावं लागतं
की मी अजून आहे.
सेलूच्या शाखेत रांग पार पायरीखाली,
सगळी डोकी पांढरी,
पिशव्यांत पासबुक, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं घर.

यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
"मावशी, रेषाच नाहीत तुमच्या बोटाला,"
पोरगा म्हणाला.

कुठून असतील?
एकतीस वर्षं परभणीला माती तपासली,
आम्लाच्या बाटल्या उघड्या हातांनी धुतल्या.
हातमोज्यांची फाईल दर मार्चात वर जायची
आणि वरच राहायची.

नागसेनवनाच्या वसतिगृहात
तिघींत एकच पुस्तक होतं रसायनशास्त्राचं.
माझी पाळी पहाटे तीनला.
पदवी मिळाली तेव्हा बापानं
ती काचेत बसवून तुरीच्या कणगीवर टांगली.
वाचता येत नव्हतं त्याला,
शिक्का तेवढा बोट लावून दाखवायचा आल्यागेल्याला.

निरोपाला साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.
आठवडाभर मी त्या घड्याळाकडे बघत बसले.
मग अफसर खान आले,
पाटबंधारे खात्यातून माझ्याआधी दोन वर्षं सुटलेले.
"बाई, घरी बसून काय करायलात?"

तेव्हापासून दर बुधवारी
त्यांच्या स्कुटीवर मागं बसते,
मांडीवर नळ्यांची पेटी.
त्यांचा एक गुडघा धड, माझा एक डोळा;
हिशोब करून खान म्हणतात,
"मिळून एक कर्मचारी भरतो."

बोअरचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे,
रंग उन्हात धरून बघायचा.
एका सरपंचानं विचारलं, पगार किती?
नाही म्हटलं.
मग कोणत्या पक्षाच्या?
तेही नाही म्हटलं, तेव्हा मात्र
तो खरंच काळजीत पडला.

परवा शाळेच्या हापशावर
आठवीतल्या शिवकन्या ढगेनं नळी धरली,
हात जराही हलू दिला नाही.
तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग,
हसताना ओठ मिटून घेते.
"हे शिकायला कुठं जावं लागतं?"
मी संभाजीनगर म्हटलं, खान औरंगाबाद म्हटले,
ती म्हणाली, "दोन्हीपैकी जवळ कोणतं?"
खान इतके हसले की स्कुटीच कलंडली.
पेटीतल्या दोन नळ्या फुटल्या. पेन्शनमधून आणीन.

"मावशी, झोपलात का?
डोळ्याचं यंत्र परभणीहून येतंय. उद्या या."
उद्या बुधवार.
"उद्या जमायचं नाही बाबा," मी म्हटलं,
"उद्या बोरकिनीच्या चार हापशा आहेत."
"पण मग पेन्शन थांबेल. कागदावर तुम्ही..."
पुढचं त्याला बोलवेना.

राहू दे.
आठवडाभर नसेन कागदावर.
बाहेर खान हॉर्न वाजवतायत,
त्यांचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला
म्हणून उगाच तोरा.